चतुर्दशीचं पान

लग्न होऊन पंचवटीतल्या त्या घरात आले तेव्हा समोरच्या भिंतीवर एक फोटो होता आणि त्याला हार नव्हता. फोटोत एक तरणाबांड माणूस विमानात बसलेला. डोक्याला कातडी टोपी, कपाळावर चढवलेला मोठा चष्मा. विमानाचं तोंड एकीकडे आणि या माणसाचं तोंड दुसरीकडे, शेपटीच्या बाजूला. नव्या नवरीने पहिल्याच आठवड्यात फार चौकशा करू नयेत हे मला कळत होतं, पण मी मुळातच फटकळ. नवऱ्याला विचारलं, "हे कोण? आणि असे उलटे का बसलेत?"

"माझे थोरले काका," तो म्हणाला. "ब्रह्मदेशाच्या लढाईत होते. बॉम्ब टाकणारं विमान होतं, त्यातली मागची बंदूक त्यांच्याकडे असायची." मग आवाज खाली आणून म्हणाला, "काकूसमोर विषय काढू नकोस हां."

काकू म्हणजे त्या फोटोतल्या माणसाची बायको. माझी सासू माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी गेलेली. नवऱ्याला लहानाचा मोठा काकूंनीच केला. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. उंच, सडसडीत, चालताना पदर कधी घसरायचा नाही, आणि कपाळावर हे एवढं मोठं कुंकू. घर त्यांच्या तालावर चालायचं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या थोरल्यांचे धाकटे भाऊ. जकात नाक्यावर कारकून होते. नाक्यावर ट्रकवाल्यांशी तावातावाने भांडणारा हा माणूस घरात मात्र "वहिनी म्हणतील तसं" यापुढे जायचा नाही.

थोरल्यांची गोष्ट मला तुकड्या तुकड्याने कळली. मॅट्रिक झाल्यावर ते देवळालीला जाऊन भरती झाले. घरी सुट्टीवर आले की ओट्यावर स्टूल उलटं टाकायचे आणि त्याच्या पायांची बंदूक करून धाकट्या भावाला दाखवायचे. त्या विमानात माणसं दोनच. पायलट पुढे बघून विमान चालवणार आणि हे त्याच्या पाठीला पाठ लावून मागे बघणार. विमान सूर मारून खाली आलं, बॉम्ब टाकून वर निघालं की खालून गोळ्या येतात, मागून शत्रूची विमानं येतात, त्या वेळी मागचा माणूस जागा हवा. मामंजी हे सगळं सांगताना अजूनही त्या स्टुलाकडे बघायचे. ते स्टूल आमच्याकडे अजून होतं. मी त्याच्यावर चढून डबे काढायचे.

शेवटच्या सुट्टीनंतर ते निघाले तेव्हा दारात टांगा आला. बरोबर पोचवायला मामंजी होतेच, ते टांगेवाल्याशेजारी पुढे बसले. थोरले मात्र मागच्या सीटवर बसले, रस्त्याकडे पाठ आणि घराकडे तोंड करून. "माझी सीट हीच," म्हणाले. काकू तेव्हा अठरा वर्षांच्या, लग्नाला वर्षही झालेलं नव्हतं. त्या उंबऱ्यात उभ्या. जाणाऱ्या माणसाची आपल्याला पाठ दिसते. त्यांना मात्र वळण येईपर्यंत नवऱ्याचं तोंड दिसत राहिलं.

मग तार आली. विमान परत आलं नाही, एवढंच तिच्यात होतं. मेला असंही नाही, आहे असंही नाही. तरी गल्लीतल्या बायका जमल्या. जमणारच. काकूंच्या बांगड्या फोडायला, कुंकू पुसायला दोघी-तिघी पुढे झाल्या तेव्हा मामंजी दारात आडवे उभे राहिले. नुकती मिसरूड फुटलेली. म्हणाले, "माझा दादा येणार आहे. वहिनीला कुणी हात लावायचा नाही." बायका बडबडत परत गेल्या. काकूंचं कुंकू राहिलं ते तसंच राहिलं.

हे मला मामंजींनी स्वतः सांगितलं, माझ्या पहिल्या पितृपक्षात. सर्वपित्री अमावास्येच्या आदल्या दिवशी काकू पहाटेच्या एसटीने येवल्याला गेल्या. तिथे त्यांचं माहेर. भाऊ पैठणीच्या मागावर कामाला होता. दिवाळीच्या साड्यांसाठी त्याच्याकडे कांड्या भरायला, म्हणजे त्यांवर रेशीम गुंडाळायला, हात कमी पडतात, म्हणून दर वर्षी या सुमाराला एक दिवस जाते, असं त्या म्हणायच्या. त्या गेल्या, आणि मामंजी स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभे राहिले. हातात पिशवी. पिशवीत अळूची पानं, गवार, लाल भोपळा, आमसुलं.

"सूनबाई, आज एक पान वाढायचंय," ते म्हणाले. "दादाचं."

फोटोला हार नाही, काकूंच्या कपाळावर कुंकू, आणि पितरांच्या दिवसांत त्यांच्या नवऱ्याचं पान?

मामंजी पाटावर बसले आणि हळूहळू बोलले. तार आल्यावर काही महिन्यांनी थोरल्यांच्या तुकडीतला एक जण देवळालीला आला होता, तो वाट वाकडी करून घरी आला. त्याने डोळ्यांनी पाहिलेलं सांगितलं. विमान जंगलावरून वर निघालं तेव्हाच धूर येत होता. उंची घेता येत नव्हती. पण मागची बंदूक चालू होती. झाडांच्या आड विमान दिसेनासं झालं तरी क्षणभर तिचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

"तेव्हाच कळलं मला," मामंजी म्हणाले. "शस्त्राने गेलेल्याचं पान चतुर्दशीला असतं. म्हणून आज. पण हे वहिनींना कसं सांगू? त्या आतल्या खोलीत होत्या. त्यांनी ऐकलं की नाही देव जाणे. दुसऱ्या दिवशी उठल्या, अंघोळ केली, आरशासमोर बसून कुंकू लावलं. दारात उभा राहून 'दादा येणार' म्हणणारा मीच ना? आता मीच जाऊन पुसा म्हणू? त्या वाट बघताहेत, सूनबाई. त्या आशेवर तर त्या उभ्या आहेत."

मग म्हणाले, "मी त्या दिवशी आडवा आलो नसतो तर त्यांचं आयुष्य वेगळं झालं असतं. येवल्याच्या लोकांनी दुसरं घर बघून दिलं असतं. अठरा वर्षांची पोर होती हो ती. मी तिला या घरात कोंडून ठेवली."

मी स्वयंपाक केला. भात, वरण, आमसुलाची चटणी, गवार-भोपळ्याची भाजी, अळूवडी, वडे, तांदळाची खीर. मामंजींनी गच्चीवर घास ठेवला, पानासमोर हात जोडले, जेवले, आणि संध्याकाळची एसटी यायच्या आत घरात तळणाचा वासही राहू नये म्हणून आम्ही दोघांनी दारं-खिडक्या उघडून टाकल्या. काकू आल्या. "काय केलं होतंस आज?" त्यांनी विचारलं. "पिठलं," मी म्हणाले. खोटं बोलायला मला कधीच कष्ट पडले नाहीत, पण त्या दिवशी मी त्यांच्याकडे न बघता भांडी घासायला घेतली.

पुढे दर वर्षी हेच. काकू येवल्याला, आम्ही पानाला. नवऱ्याची नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात. तिथे क्वार्टर मिळाल्यावर आम्ही तिकडे राहायला गेलो, तरी त्या एका दिवसासाठी मी पंचवटीला यायचे. काकूंची मला कीव यायची, अगदी मनापासून. एखादीने इतकी वर्षं एखाद्याची वाट बघावी आणि घरातल्या सगळ्यांनी तिच्या पाठीमागे त्याचं पितर जेवू घालावं, हे मला बरोबर वाटायचं नाही. पण मामंजींचा चेहरा आठवला की तोंड बंद.

मग एका वर्षी, सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर साल असेल, पितृपक्षाच्या तोंडावर क्वार्टरच्या जिन्यावरून घसरून माझा पाय मुरगळला. चांगला टम्म सुजला. बसने पंचवटीला जाणं शक्यच नव्हतं. मामंजी बघायला आले. पायाची चौकशी झाली, चहा झाला, तरी उठेनात. मी ओळखलं.

"चतुर्दशीचं कसं करायचं म्हणता ना?"

"तेच," ते म्हणाले. "मीच इकडे येतो. बाजार मी आणीन, तू बसल्या बसल्या जमेल तेवढं कर. दादाचं पान इथेच वाढू. वहिनी येवल्याला जाणारच आहेत. फक्त त्यांच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

मी बरं म्हणाले. दोन दिवसांनी काकू आल्या. त्यांनी पायाला आंबेहळदीचा लेप लावला, माझ्या मुलीची वेणी घातली, सगळी भांडी परत एकदा घासली, कारण मी घासलेली त्यांना पटत नसत. मग माझ्यासमोर येऊन बसल्या. पदर नीट केला. काहीतरी मोठं येणार हे मला कळलं.

"येवल्याला भावाच्या सुनेला मुलगा झाला," त्या म्हणाल्या.

"अरे वा! पेढे कुठेत?"

"सोयर आहे त्यांना. चतुर्दशीला त्यांच्याकडे पान वाढता येणार नाही. तुझ्याकडे वाढू का?"

"कुणाचं पान?" मी विचारलं. विचारलं खरं, पण उत्तर ऐकायच्या आधीच मला कळलं होतं.

"ह्यांचं," काकू म्हणाल्या. "आणखी कुणाचं?"

त्या अगदी शांत होत्या, बाहीचं माप सांगावं तशा. म्हणाल्या, "देवळालीचा माणूस आला होता ना, तेव्हा मी दाराआड उभी होते. बंदूक थांबल्याचं त्याने सांगितलं तेव्हाच मी समजले. हे गोळीला गोळी देत गेले. त्यांचं पान चतुर्दशीचंच. त्याच वर्षीपासून येवल्याला भावाकडे वाढते. कांड्या भरते म्हणजे, दुपारनंतर तेही करते. अगदीच खोटं बोलत नाही मी."

"मग हे..." मी त्यांच्या कपाळाकडे बोट केलं.

"हे भाऊजींसाठी," काकू म्हणाल्या. "तू तेव्हा नव्हतीस. पोरगा दारात उभा राहिला होता, एवढासा. अख्ख्या गल्लीला भिडला. दादा येणार म्हणाला. मी दुसऱ्या दिवशी पुसलं असतं तर त्याच्या भावाला मी मारलं असतं. म्हटलं, राहू दे, मोठा झाला की त्याचं त्याला कळेल. तो मोठा झाला, लग्न झालं, बायको गेली, पोरगा मोठा झाला, तू आलीस. अजून फोटोला हार घालत नाही बघ. अजून वाट बघतो बिचारा. मी कुठल्या तोंडाने सांगू?"

बोला आता. इतकी वर्षं एका घरात, एका चुलीवर, एका फोटोखाली दोघं राहिली आणि दोघांनी एकमेकांसाठी एकाच माणसाला जिवंत ठेवलं. एकाच दिवशी त्याला नाशकात एक जेवण आणि येवल्यात एक. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि पाय ठणकत होता तो वेगळाच.

"भाऊजींना मी येवल्याला चाललेय म्हणूनच सांगितलंय," काकू उठता उठता म्हणाल्या. "तू बोलू नकोस हो."

"नाही बोलणार," मी म्हणाले.

रात्री नवऱ्याला सगळं सांगितलं. तो डोक्याला हात लावून बसला. म्हणाला, "अगं, उद्याच जाऊन दोघांना सांगून टाकतो. त्या दिवशी समोरासमोर आले म्हणजे केवढा घोळ."

"सांग की," मी म्हणाले. "मग काकू येवल्याला जाऊन धर्मशाळेत बसतील आणि मामंजी नाक्यावर डबल ड्यूटी लावून घेतील. आपल्या माणसांना ओळखत नाहीस का तू? येऊ दे दोघांना. मी आहे."

म्हणाले खरी, पण चतुर्दशीला मी अंधारातच जागी झाले होते. काकूंनी सगळं झाल्यावर मला पुन्हा कधी तोंड दाखवलं नाही तर? मामंजी खाली मान घालून निघून गेले तर? काकू पहाटेच आल्या. मला स्टुलावर बसवून भाज्या चिरायला लावल्या आणि स्वतः चुलीशी बसल्या. किती वर्षांत त्यांनी आपल्या घरच्या स्वयंपाकघरात हा स्वयंपाक केला नव्हता, ते त्यांच्या हाताच्या वेगावरून कळत होतं. केंद्राचा भोंगा झाला. खिडकीच्या गजांवर रोजच्यासारखी कोळशाची राख बसलेली होती, ती त्यांनी आधी ओल्या फडक्याने पुसून काढली. पान मांडलं. खीर वाढली.

आणि दार वाजलं.

मी लंगडत गेले. मामंजी पिशवी घेऊन उभे. आत पाऊल टाकता टाकता थांबले. दाराशी काकूंच्या चपला होत्या. अंगठ्याला शिवणीच्या दोऱ्याने दुरुस्त केलेल्या चपला सगळ्या नाशकात एकीच्याच होत्या.

"वहिनी आल्यात?" त्यांनी अगदी हळू विचारलं. पिशवी पाठीमागे लपवली. या वयाच्या माणसाने पाठीमागे पिशवी लपवलेली बघून माझा जीव गलबलला.

"आत या," मी म्हणाले. "पान वाढलंय."

ते स्वयंपाकघराच्या दारात गेले. तिथेच उभे राहिले, चौकटीला हात लावून. काकू पानासमोर बसलेल्या, हातात घासाची वाटी. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. काकूंनी त्यांच्या पिशवीकडे पाहिलं, वरून डोकावणारी अळूची पानं पाहिली.

"कधीपासून?" मामंजींनी विचारलं.

"देवळालीचा माणूस आला त्या वर्षीपासून. तुम्ही?"

"मीपण."

काकूंनी वाटी खाली ठेवली. "म्हणजे तुम्हाला माहीत होतं."

"मला वाटलं तुम्ही वाट बघताय."

"मला वाटलं तुम्ही."

मामंजी खालीच बसले, उंबऱ्यावर. रडले. आवाज न करता, पण चांगले रडले. मग म्हणाले, "वहिनी, मी तुमचं फार वाईट केलं. मी दारात उभा राहिलो नसतो तर तुम्ही येवल्याला गेल्या असत्या. तुमचं घर झालं असतं, मुलंबाळं झाली असती."

काकूंनी पानावरची खिरीची वाटी उगाच सरळ केली. मग म्हणाल्या, "भाऊजी, येवल्याहून दोनदा निरोप आला होता. स्थळ चांगलं होतं. मीच नाही म्हणाले. तुमच्यामुळे नाही. हे माझ्याकडे तोंड करून गेले होते हो. पाठ फिरवून गेले असते तर गेले असते मी." मग त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही दारात उभे राहिलात ते बरं केलंत. त्या दिवशी माझ्या बाजूने कुणी उभं नव्हतं. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं बघा."

मी स्टुलावर बसून पदर तोंडाला लावला होता. माझं कुणाला भानही नव्हतं.

मग घास कुणी ठेवायचा यावरून दोघांची चक्क पहिल्यांदा वादावादी झाली. तुमचा मान, नाही तुमचा मान. शेवटी दोघंही गॅलरीत गेले, वाटीला दोघांचे हात. एकलहऱ्याच्या कावळ्यांना रीतभात कुठली, त्यांनी वाटी खाली ठेवायचीही वाट बघितली नाही. "दादालाही भूक आवरायची नाही," मामंजी म्हणाले, आणि काकू हसल्या. त्यांच्या नवऱ्याविषयी कुणी बोललं आणि त्या हसल्या, असं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

जेवणं झाली. निघताना मामंजी चाचरत म्हणाले, "वहिनी, आता ते... कपाळाचं... तुमच्या मनाला येईल तसं करा. माझ्यासाठी म्हणून काही नको."

काकू माझ्या भिंतीवरच्या लहान आरशासमोर गेल्या. चुलीच्या घामाने कुंकू जरा ओघळलं होतं. मला वाटलं आता पुसतात. त्यांनी पदराच्या टोकाने ओघळ तेवढा टिपला, माझ्या करंड्यातलं कुंकू चिमटीत घेतलं आणि पुन्हा लावलं, गोल, नीट, सावकाश.

"हे माझं," त्या म्हणाल्या. "आता कुणासाठी नाही."

नाशिकरोडपर्यंत जायला नवऱ्याने टांगा आणला. मामंजींनी पुढची जागा काकूंसाठी झटकून दिली. काकू त्यांच्याकडे न बघता मागच्या सीटवर जाऊन बसल्या, आमच्याकडे तोंड करून. मामंजी क्षणभर तसेच उभे राहिले, मग मागेच त्यांच्या शेजारी, मध्ये पिशवी ठेवून बसले. टांगा निघाला. मी गॅलरीच्या कठड्याला धरून एका पायावर उभी होते. वळण येईपर्यंत दोघांचे चेहरे दिसत होते, आणि काकूंच्या कपाळावरचं कुंकू. पुढच्या वर्षीपासून थोरल्यांचं पान एकच वाढलं जाणार होतं, घरी, पंचवटीत, फोटोखाली.